पत्र्याला नाही, गजाला

स्वारगेटला एसटी लागली की अण्णा आधी आम्हाला आत बसवायचे, खिडकीची जागा धरायला सांगायचे आणि मग मागच्या शिडीने टपावर चढायचे. खालून हमाल त्यांची काळी हर्क्युलस वर सारायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मेढ्याजवळच्या आमच्या गावी महिनाभर राहायचं, तर सायकल हवीच. गावात वाहन नव्हतं आणि शेत लांब. कंडक्टर सायकलचं सामानाचं तिकीट वेगळं फाडायचा. गाडी खंबाटकी घाटाला लागली की मी वर कान लावून बसायची. वळणावर टपावरून बारीकसा टणत्कार यायचा, घंटीच्या वाटीचा. मला वाटायचं, आता पुढच्या वळणाला सायकल दरीत जाणार. अण्णा डोळे मिटूनच म्हणायचे, "नाही पडत. पत्र्याला नाही बांधली, गजाला बांधलीय."

हे वाक्य त्यांच्या तोंडी सतत असायचं. दोरी कितीही जाड असू दे, ती कशाला बांधलीय ते आधी बघ. पत्र्याला बांधलंस तर पत्राच हातात येईल.

अण्णा दापोडीच्या एसटीच्या मध्यवर्ती कार्यशाळेत फिटर होते. तिथे कंपनीकडून नुसती चासी यायची. दोन लांब लोखंडी गर्डर, चार आडवे, इंजिन, चाकं आणि स्टिअरिंग, बाकी काही नाही. डोक्याला फडकं गुंडाळून, उघड्यावर बसून ड्रायव्हर ती हाकत आणायचे. मुंबई-पुणे रस्त्यावर लहानपणी अशा गाड्या दिसल्या की मला त्या हाडांच्या सापळ्यासारख्या वाटायच्या. दापोडीत त्या सापळ्यावर बस चढायची. खांब, कमानी, अॅल्युमिनियमचे पत्रे, बाकडी, टपावरचं कॅरियर, मागची शिडी. अण्णांनी किती शिड्या रिव्हेट मारून बसवल्या असतील त्याचा हिशोब नाही. आपण ज्या शिडीने चढतोय ती आपल्याच हातची असू शकते, असं ते कधी बोलले नाहीत, पण चढताना शिडीचा दांडा एकदा हलवून बघायचे, ते मला आठवतं.

मी आता अमेरिकेत पिट्सबर्गला राहते. हे चढणींचं शहर आहे. इथल्या बीचव्ह्यू भागात कॅन्टन अॅव्हेन्यू नावाची गल्ली आहे, तिचा चढ ३७ टक्के आहे. पायी चालतानासुद्धा माणूस पुढे वाकतो. आमचं घर उपनगरात, तेही टेकडीच्या पोटावर. दारातून सायकल काढली की एक तर थेट खाली घसरायचं नाही तर ढकलत वर न्यायची, आणि त्या अरुंद रस्त्याला कड नाही. पुण्यात मी दारातून सायकल काढायची आणि टांग मारली की निघायची. कॉलेज, क्लास, लक्ष्मी रोड, सगळं तेवढ्यात. इथे सायकल चालवायची तर आधी ती मोटारीतून कुठेतरी न्यावी लागते. पहिली काही वर्षं मला हे पटतच नव्हतं. सायकलने माणसाला न्यायचं, की माणसाने सायकलला? पण दीड तासावर ओहायोपाइलला जी वाट आहे ती एकदा बघितली आणि माझा हट्ट सुटला.

त्या वाटेचं नाव ग्रेट अॅलेगेनी पॅसेज. पिट्सबर्गपासून मेरीलँडमधल्या कंबरलँडपर्यंत १५० मैल, म्हणजे जवळजवळ २४१ किलोमीटर, आणि बहुतेक ठिकाणी एकही मोटार नाही. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ उचलून, वर चुनखडीची बारीक कच अंथरून ही वाट केली आहे. ओहायोपाइलजवळचा तुकडा वेस्टर्न मेरीलँड रेल्वेचा. ती गाडी १९७५मध्ये थांबली आणि १९८६मध्ये इथलाच काही मैलांचा पट्टा सायकलींसाठी सर्वांत आधी खुला झाला. पुढे एकेक पूल, एकेक बोगदा जोडत जोडत २०१३ला पूर्ण वाट झाली. आगगाडीला खडा चढ चढता येत नाही, म्हणून रेल्वेने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी डोंगर कापले, दऱ्यांवर पूल टाकले आणि चढ दोन टक्क्यांच्या आत ठेवला. इंजिनासाठी केलेली ती सोय आज लहान मुलांना आणि म्हाताऱ्या गुडघ्यांना मिळते. मला ही वाट फार आवडते. चढणींच्या मुलखात कुणीतरी आपल्यासाठी सपाटी राखून ठेवली आहे, असं तिथे वाटतं.

तर सायकली तिथवर न्यायच्या. आम्ही आधी पट्ट्यांचा रॅक घेतला होता. डिकीच्या दारावर टेकवायचा, सहा पट्ट्या दाराच्या कडांना आकड्यांनी अडकवायच्या आणि ताणायच्या. स्वस्त, हलका, पाच मिनिटांत लागतो. दोन मोसम चालला. मग एका सप्टेंबरच्या रविवारी परत येताना हायवेवर मागून एक ट्रकवाला हॉर्न वाजवत राहिला. आरशात बघितलं तर लेकाची सायकल एका बाजूने खाली लोंबत होती, चाक रस्त्यापासून वीतभर वर. कडेला थांबलो. वरची एक पट्टी सैल होऊन आकडा निसटला होता, आणि दाराची कड जिथे आकडा बसला होता तिथे दुमडली होती. मागे कुणी नव्हतं, कुणाला काही झालं नाही. पण मी हायवेच्या कडेला गवतात बसले तेव्हा माझे हात थरथरत होते. तिथून ट्रक सुसाट जात होते आणि प्रत्येक ट्रकबरोबर आमची गाडी हलत होती.

रात्री अण्णांना फोनवर सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बांधला कशाला होता?"

"डिकीच्या दाराला."

"म्हणजे पत्र्याला," ते म्हणाले. रागावले नाहीत. मला मात्र खूप लागलं. ज्या माणसाची मुलगी मी, त्याने आयुष्यभर हेच एक सांगितलं होतं.

पुढचा हिवाळा सायकली गॅरेजमध्ये भिंतीला टेकून होत्या. मे महिन्यात आई-अण्णा सहा महिन्यांसाठी इकडे आले आणि त्याच आठवड्यात मी हिच मागवला.

हिच म्हणजे गाडीच्या मागे, बंपरच्या खाली बसणारा जाड लोखंडी आडवा. त्याच्या मधोमध चौकोनी तोंडाची नळी असते. तिच्यात रॅकचा दांडा सरकवायचा आणि आरपार खिळ घालायची. मुळात तो ट्रेलर ओढायला केलेला. इकडे त्यात दोन मापं जास्त चालतात, सव्वा इंची आणि दोन इंची. सव्वा इंचीतला सर्वांत हलका प्रकार साधारण २०० पाउंडांचा खाली दाबणारा भार घेतो, दोन इंची त्याहून बराच जास्त. मी दोन इंची घेतला, कारण त्यात रॅक कमी हलतो. पण मोठा हिच घेतला म्हणून गाडी मोठी होत नाही. गाडीच्या पुस्तकात लिहिलं होतं: मागच्या टोकावर १५० पाउंड, बस. हिच, रॅक आणि गाडी या तिघांतला सर्वांत लहान आकडा असतो तोच खरा. स्वयंपाकघरातला काटा काढून मी हिशोब केला नाही, न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर सायकल हातात धरून उभी राहिले आणि माझं वजन वजा केलं. रॅक ५० पाउंड, माझी सायकल ३२, नवऱ्याची ३३, लेकाची २६. एकूण १४१. म्हणजे चौसष्ट किलो. बसलं, पण काठावर. अण्णांसाठी चौथी सायकल न्यायची माझी फार इच्छा होती. ती तिथेच गळाली.

अण्णांना हा हिशोब आवडला. पण ते म्हणाले, नुसतं वजन बघू नकोस, ते किती लांब लोंबतंय ते बघ. ट्रेलरचा भार नळीच्या तोंडाशीच टेकतो, सायकली त्याच्याही मागे दोन-तीन फूट हवेत असतात. तरफ जेवढी लांब तेवढा मुळाशी पीळ जास्त. खड्ड्यात चाक गेलं की तेच चौसष्ट किलो क्षणभर कितीतरी जास्त होतात. म्हणूनच नळीला जोड देऊन रॅक आणखी मागे नेला तर हिच करणारे लोक भाराची मर्यादा सरळ निम्म्यावर आणतात. पाटीवरच्या आकड्यापेक्षा ही गोष्ट मला जास्त मोलाची वाटली, आणि ती मला विकणाऱ्याने सांगितली नव्हती.

जूनमधल्या एका शनिवारी सकाळी गाडी वर घेतली. जॅकने उचलली, पण जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही. दोन्ही बाजूंना घोड्या लावल्या, पुढच्या चाकांना लाकडी ओंडके. अण्णांनी गाडीला खांद्याने दोन धक्के देऊन बघितले आणि मग सतरंजी अंथरून खाली शिरले. वय त्र्याहत्तर. मी त्यांच्या शेजारी उताणी पडले. बराच वेळ ते बॅटरी फिरवत राहिले.

"अगं, याला चासी कुठाय?"

मला उत्तर नीट देता येईना. हल्लीच्या बहुतेक मोटारींना वेगळी चासी नसतेच. सगळा पत्राच, जागोजागी दुमडून, डाग मारून एकत्र केलेला. दारांचा, डिकीचा पत्रा पाऊण मिलिमीटरच्या आसपास; खाली मात्र जाड पत्र्याची चौकोनी पेटी वळवून दोन्ही बाजूंनी मागपर्यंत नेलेली असते. हिच तिलाच बोल्टने धरायचा. अण्णा ऐकत होते. मग त्यांनी पान्याच्या दांडीने डिकीचा तळ वाजवला. डबडब आवाज आला, डब्यासारखा. मग ती पेटी वाजवली. आवाज बंद, घट्ट. पुन्हा एकदा दोन्हीकडे वाजवलं.

"पत्राच आहे," ते म्हणाले, "पण घडी घातली की त्याचा गज होतो."

एवढं बोलून ते उठले, चहा मागितला आणि अंगणात खुर्चीवर बसून कितीतरी वेळ हाताने हवेत घड्या घालत राहिले. चाळीस वर्षं ज्या माणसाने गर्डरवर बस चढवली त्याच्यासमोर गर्डरच नाहीसा झाला होता, आणि त्याला त्याचं दुःख नव्हतं. त्याला ते कसं केलं हे कळलं होतं.

मग खरं काम. सायलेन्सर आडवा येत होता, तो त्याच्या रबरी कड्यांतून उतरवून चार बोटं खाली घ्यायचा होता. रबर लोखंडाला चिकटून बसलेलं. कासार साबण लावून बांगडी चढवतो, तसं साबणाचं पाणी लावून एकेक कडं सरकवलं, आणि सायलेन्सर लोंबून पाइपवर ताण येऊ नये म्हणून त्याला पट्टा घालून तोलून धरला. खालचं प्लॅस्टिकचं आवरण एका जागी कापावं लागलं. ते मी कापलं, कारण अण्णांना दुसऱ्याची चांगली वस्तू कापवेना.

पेटीच्या आत सहापैकी चार ठिकाणी कंपनीनेच नट डाग मारून ठेवलेले होते. उरलेल्या दोन ठिकाणी नुसती भोकं. बोल्ट आतून यायला हवा, आणि आत हात जात नाही. त्यासाठी एक स्प्रिंगसारखी गुंडाळलेली तार मिळते. ती बोल्टच्या भोकातून आत सारायची, पेटीच्या टोकाशी असलेल्या मोठ्या भोकातून बाहेर काढायची, तिच्यात आधी जाड लोखंडी पट्टी ओवायची, मग टोकाला बोल्ट फिरवून बसवायचा आणि तार मागे ओढत दोघांना आत न्यायचं. ती पट्टी महत्त्वाची. पत्र्याच्या पेटीवर बोल्टचं डोकं एकाच जागी दाबू नये, भार आजूबाजूला पसरावा म्हणून ती असते. माझी तार दोनदा आतच अडकली. आई चहाचे कप न्यायला आली होती, ती वाकून बघत म्हणाली, "हे तर नाडी ओवणं झालं. ओढू नकोस नुसती. बाहेरून चाचपत सरकव." तिने माझ्या हातातून तार घेतली. लुगड्यातल्या बाईने मोटारीखाली हात घालून तो बोल्ट पहिल्या खेपेला बाहेर काढला. परकराची नाडी आयुष्यभर सेफ्टी पिनने ओवलेले हात होते ते.

खरी परीक्षा मात्र त्या तयार नटांनी घेतली. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ वितळावा म्हणून, आणि ते मीठ गाडीच्या पोटात जाऊन बसतं. पेनसिल्वेनियात दरवर्षी गाडीची तपासणी होते तेव्हा आमच्या गाडीचा गंज वाढत चाललेला मला ऐकू यायचा, पण तो असा डोळ्यांसमोर कधी नव्हता. नटांच्या आट्यांत तांबडा चिखल दगडासारखा झाला होता. आदल्या दिवशी तेल मारून ठेवलं होतं, तारेचा ब्रश फिरवला, मग आटे साफ करायचा टॅप. मी घाईने टॅप पुढे पुढे फिरवायला लागले तसं अण्णांनी मनगट धरलं. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. पुन्हा तेल. तुटलेला गंज मागच्या फेऱ्यात बाहेर पडतो. नुसता पुढेच रेटला तर तोच आटे खातो. इथला एखादा नट फिरला असता, डागातून सुटून आत गोल गोल फिरायला लागला असता, तर पेटी कापण्यावाचून मार्ग नव्हता. चार नटांना दोन तास लागले. बोल्ट लावतानाही त्यांनी आधी उलटा फिरवायला लावला. उलटा फिरवता फिरवता एका जागी तो हलकासा खाली बसतो, टक्कन, बोटाला कळतं. तिथे आटा आट्याला भेटलेला असतो. मग सुलटा. "आटा बसला की पाना लागत नाही, बोटांनी जातो," अण्णा म्हणाले, आणि खरंच शेवटपर्यंत बोटांनी गेला.

हिचचं वजन पंधरा-सोळा किलो. नवऱ्याने आणि मी तो खालून पेलून धरला, लेकाने वॉशर दिले, अण्णांनी सहाही बोल्ट हाती लावले. शेवटचं आवळणं कागदावर दिलेल्या मापानेच करायचं होतं, ७५ फूट-पाउंड, त्यासाठी मी टॉर्क पाना आणला होता. ठरवलेल्या जोराला पोचला की तो 'कट्' करतो. अण्णांनी आयुष्यात असा पाना क्वचितच वापरला होता. बॉडीच्या कामात हाताचा अंदाज हेच माप. त्यांनी पहिला बोल्ट साध्या पान्याने, आपल्या अंदाजाने आवळला आणि मला म्हणाले, आता तुझा लाव. मी लावला. पाना साधारण पाव फेरा फिरला, मग कट् झालं.

ते काही क्षण गप्प होते. "हाताचं वय झालं," म्हणाले, आणि पुढचे पाच बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळले. प्रत्येक 'कट्'नंतर मान हलवत.

मग त्यांनी आईकडून नेलपॉलिश मागितलं. आईकडे कुठलं, माझं लाल होतं. प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून किंवा नटावरून शेजारच्या पट्टीवर येईल अशी एक सरळ रेघ त्यांनी ओढली. बोल्ट केसभर जरी फिरला तरी रेघ तुटेल आणि बघणाऱ्याला कळेल. दापोडीला ते हेच पिवळ्या रंगाने करायचे.

पुढच्या रविवारी ओहायोपाइलला गेलो. तिन्ही सायकली रॅकवर, चाकं पट्ट्यांनी बांधलेली, टायर सायलेन्सरच्या तोंडापासून दूर, नंबर प्लेट दिसते ना ते बघून. अण्णा मागच्या सीटवर, तोंड मागच्या काचेकडे. पहिल्या दहा मैलांत त्यांनी दोनदा गाडी थांबवायला लावली. उतरले, रॅक हलवून बघितला, पुन्हा बसले. तिसऱ्यांदा नाही थांबवली.

ओहायोपाइलला सायकली भाड्याने मिळतात. अण्णांना आम्ही तिथून घेतली, तासावर. पुण्यात ते लहान असताना अशीच तासावर सायकल घ्यायचे, वेळ वहीत लिहून. दुकानातल्या मुलाने वेळ टिपली तेव्हा त्यांनी आपलं घड्याळ काढून ताडून बघितलं. मग नदीच्या काठाने निघालो. खाली यॉकिओगेनी नदी, दोन्हीकडे गर्द रान, पायाखाली कचेचा बारीक चुरचुर आवाज. पलीकडच्या काठावरून अजून खऱ्या आगगाड्या जातात. एक मालगाडी आमच्याबरोबर कितीतरी वेळ चालत राहिली आणि लेक डबे मोजत राहिला. ११ मैलांवर कॉन्फ्लुएन्स नावाचं गाव आहे. तिथे यॉकिओगेनी, कॅसलमन आणि लॉरेल हिल क्रीक मिळतात. मी अण्णांना नावाचा अर्थ सांगितला, संगम. ते सायकलवरून उतरले, पुलावर उभे राहून तिन्ही पाणी कुठून येतात ते नीट बघून घेतलं आणि आईला फोन लावला. गुडघे दुखतात म्हणून आई घरी राहिली होती. "तीन नद्या आहेत," एवढंच सांगितलं त्यांनी. आमचं मेढा वेण्णेकाठी. पुढे माहुलीला ती कृष्णेला मिळते. तिथल्या घाटावर आई नवी नवरी असताना गेली होती, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, फोनवर.

नोव्हेंबरमध्ये दोघं परत गेली. मी दर मोसमाच्या सुरुवातीला आणि शेवटी खाली शिरून बघते. खिळ काढते, नळीत ग्रीस लावते, गंज घासून काळा रंग देते. नेलपॉलिश थोडं फिकं झालंय.

या एप्रिलमध्ये लेक म्हणाला, मी बघतो. बारा वर्षांचा झालाय, माझ्यापेक्षा सहज खाली शिरतो. मी फोन लावून स्पीकरवर ठेवला होता. पुण्यात रात्र झालेली, अण्णा जागे होते.

"आजोबा, रेघ सरळ आहे," तो गाडीखालून ओरडला.

"किती बघितल्यास?"

थोडा वेळ नुसता बॅटरीचा उजेड जमिनीवर हलत राहिला.

"सहाही."